चाकांवर उभी असताना

ठक. झालं ते एवढंच. शाळेसमोरच्या गतिरोधकावर गाडीची पुढची चाकं चढली, उतरली, मग मागची चढली, आणि ती उतरताना मागून पेटीचं झाकण आपटावं तसा आवाज आला. गाडीचं बूड क्षणभर डावीकडे सरकलं आणि परत जागेवर आलं. शेजारी बायको बसली होती. ती म्हणाली, "थांबव. मी इथं उतरते." त्याने गाडी कडेला घेतली. ती उतरली, दार नेहमीपेक्षा हळू लावलं, पर्स खांद्यावर नीट केली आणि चालू लागली. घर तिथून चालत पाऊण तासावर होतं. थोडा वेळ त्याने तिच्या चालीनेच गाडी हाकून पाहिली. मागून हॉर्नवर हॉर्न वाजायला लागले, एका टेम्पोवाल्याने खिडकीतून मान काढून त्याच्या अकलेची चौकशी केली, तेव्हा तो निमूटपणे पुढे निघून गेला. घरी पोचून त्याने दोन कप चहा टाकला. ती आली, चपला जागेवर ठेवल्या, चहा प्यायली, साखर कमी पडली म्हणाली. गाडीचा विषय तिनेही काढला नाही आणि त्यानेही नाही. या गोष्टीला आता अकरा महिने झाले होते, आणि अकरा महिन्यांत ती त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. सकाळी ती बसने गिरणीत जायची, तो गाडीने कामावर जायचा. कधी कधी सिग्नलला तिची बस आणि त्याची गाडी शेजारी शेजारी यायची, पण गाडी इतकी बुटकी की त्याला बसची चाकं दिसायची आणि खिडक्या दिसायच्या नाहीत.

आत्ता तो मिस्त्रीच्या गॅरेजात एका उपड्या डब्यावर बसला होता आणि समोर तीच गाडी मागची चाकं काढून लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. गुरुवारची दुपार होती. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि कारण म्हणून 'घरगुती' असं लिहिलं होतं, ते काही खोटं नव्हतं. शनिवारी सकाळी बायको घर सोडून चालली होती. भांडून नाही. भांडून गेली असती तर काय करायचं ते त्याला कळलं असतं, निदान बहिणीला फोन करून चार वाक्यं बोलता आली असती. बायको कापडाच्या गिरणीत रंग जुळवण्याचं काम करायची. गिरणीने चार तासांच्या वाटेवर नवा विभाग काढला, तिथली रंगखोली सांभाळाल का म्हणून तिला विचारलं, आणि ती हो म्हणाली. राहायला एक खोलीही बघून आली. सहा आठवड्यांपूर्वी जेवताना तिने हे सांगितलं. "मी जाते आहे. एकटी." आणि तो म्हणाला, "बघू." वेळ मारून न्यायला 'बघू'सारखा शब्द नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्याने इतका वापरला होता की आता तो तोंडातून आपोआप बाहेर पडायचा. तिने वाटीतलं संपवलं आणि ताट उचललं. नंतर तिने खोकी आणली, कपाटाचा तिचा भाग रिकामा व्हायला लागला, तरी त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघेना. मुलीने सासरहून फोन करून विचारलं, "बाबा, नेमकं काय चाललंय तुमचं?" तर तिलाही तो म्हणाला, "काही नाही गं, बदली झालीय आईची."

पण मनात त्याने एक मनसुबा रचला होता. गाडी नीट करायची. मागचे बुश बदलून घ्यायचे, म्हणजे आवाज जाईल, ते बूड सरकणं जाईल, आणि शनिवारी तिला गाडीतूनच सोडायला जायचं. चार तासांचा रस्ता. चार तास शेजारी शेजारी बसल्यावर माणूस बोलतोच, न बोलून सांगतो कुणाला. पोचेपर्यंत काहीतरी ठरेल. दर शनिवारी तो जाईल, किंवा निवृत्तीला उरलेली दोन वर्षं संपली की तिकडेच बिऱ्हाड करेल. ती गाडीत बसली तर ती आपल्याला सोडून गेली नाही असं धरायचं, असं त्याने स्वतःशी ठरवूनच टाकलं होतं, आणि असलं काहीतरी ठरवणं हा सत्तावन्न वर्षांच्या माणसाला शोभणारा प्रकार नाही हेही त्याला माहीत होतं. सोमवारी तो तिला म्हणाला, "गाडी दुरुस्तीला टाकतोय. मागचं सगळं नवीन." ती साडीला घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "होऊ दे नीट. मग बसेन." त्या एका 'बसेन'वर त्याने तीन दिवस काढले होते.

गाडी म्हणजे काय, दोन सीटची, जमिनीला टेकलेली, एके काळी लालभडक आणि आता विटेच्या रंगावर आलेली. सव्वीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून घेतली, तेव्हा मुलगी पोटात होती. शहाण्यासुरत्या माणसांनी अशा वेळी चार दारांची गाडी घ्यावी, तर यांनी ही घेतली. मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत आईच्या मांडीवर बसून फिरली. तिची टाळू आईच्या हनुवटीला लागायला लागली तेव्हा ते बंद झालं. मुलीचं लग्न झालं त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले होते, "चला, मुलगी उजवली. आता पुन्हा गाडीत दोघंच, नवरा-नवरी." तेव्हा बायको हसली होती. ती हसताना एक हात मानेवर ठेवायची. तो हात त्याला आठवत होता, हसणं कसं होतं ते मात्र आठवत नव्हतं, आणि डब्यावर बसल्या बसल्या त्याने ते आठवायचा बराच प्रयत्न करून पाहिला.

मिस्त्री प्रेसवर शेवटचा बुश बसवत होता. साठीचा माणूस, एका कानाने कमी ऐकणारा, त्यामुळे बोलणं सगळं चढ्या आवाजात. बुश म्हणजे लोखंडी नळीभोवती भरलेलं जाड रबर. चाक ज्या लोखंडी दांड्यावर, म्हणजे आर्मवर, असतं तो आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडलेला असतो तिथं हे बसतं, चाकाला वर-खाली होऊ देतं आणि रस्त्याचे धक्के स्वतः खातं. मागे असे चार आर्म आणि आठ बुश. मिस्त्रीने नव्या बुशला साबणाचं पाणी लावलं, आर्मच्या भोकावर सरळ धरला आणि प्रेसचा दांडा खाली ओढला. रबर आधी नाही नाही म्हणालं, मग एकदम आत गेलं. गॅरेजभर साबणाचा वास पसरला होता आणि त्याखाली जुन्या ग्रीसचा. त्याला झोप येत होती. गेला महिनाभर त्याला भलत्या वेळी झोप यायची, कामावर लिफ्टच्या खोलीत मशीनशेजारी उभ्या उभ्यासुद्धा, आणि अंथरुणावर पाठ टेकली की उडून जायची.

"हे बघा," मिस्त्री म्हणाला आणि जुने बुश ठेवलेला पत्र्याचा ट्रे त्याच्या पायाशी सरकवला. "लिफ्टसाहेब, तुम्ही म्हणालात गाडी म्हातारी झाली. गाडीचा काय संबंध? तीन वर्षांचं रबर आहे हे. म्हातारपणाने गेलं असतं तर भेगाळलं असतं, कडक झालं असतं. हे पिळून मेलंय." त्याने एक बुश उचलून अंगठ्याने दाबला. नळी एका बाजूला कलंडली आणि रबराची चीर तोंड उघडून दिसली. "कुणीतरी गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबत असताना नट आवळलेत. मग गाडी खाली घेतली की वजन येतं, आर्म वर जातो आणि रबर पिळलं जातं. उभ्या गाडीतही पिळलेलंच. दिवसरात्र. त्यात वर धक्के खायचे. किती दिवस टिकणार? गाडी चाकांवर उभी असताना, आत माणसं बसलेली असताना नट आवळायचे असतात, हे शेंबड्या पोराला कळतं. कुठल्या दिवट्याने केलं होतं हे काम?"

"होता एक जण," तो म्हणाला.

"त्याला परत हात लावू देऊ नका गाडीला."

"नाही देत."

तो दिवटा तो स्वतःच होता. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी, इमारतीच्या खाली, खांबांच्या मधल्या जागेत त्याने गाडीची मागची बाजू उचलली होती. अंगात जुना सदरा, डोक्याला रुमाल, सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत गडी गाडीखाली. येणारे-जाणारे वाकून बघत होते आणि त्याला ते आवडत होतं. बायको शेजारी पाटावर बसून मागेल तो पाना हातात द्यायची आणि गाडीचं पुस्तक वाचून दाखवायची. तिचा आवाज सपाट, एकेक शब्द सुटा, गिरणीत दोन तुकडे दिव्याखाली धरून फरक सांगायची तसा. शेवटच्या पानावर आल्यावर तिने वाचलं, "गाडी चाकांवर उभी असताना, दोन्ही आसनांवर वजन असताना नट पूर्ण आवळावेत." तो खाली उताणा पडलेला, डोळ्यांत गंज, हातात पाना, नट अर्धे आवळलेले. "पुढचं वाच," तो म्हणाला. तिने तेच वाक्य पुन्हा वाचलं. "अगं कळलं, तेवढं चालतं. पुढचं वाच." पुस्तकात पुढे काही नव्हतं, तो धडा तिथंच संपत होता. तिने पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं, आणि पाटावरून उठून वर स्वयंपाकाला गेली. त्याने नट आवळले, दम लागेपर्यंत आवळले, आणि संध्याकाळी गाडी फिरवून आणल्यावर तिला म्हणाला, "बघ, कशी लोण्यासारखी चालते." तिने हो म्हटलं. गाडी खरंच तशी चालत होती, सात-आठ महिने.

आणि याहून लाजिरवाणं म्हणजे त्याचा धंदाच हा होता. तो लिफ्ट तपासायचा. बत्तीस वर्षं. रिकामी लिफ्ट कितीही गुळगुळीत चालो, त्याने कधी एकीलाही रिकामी असताना पास केलं नव्हतं. वीस वीस किलोची ओतीव लोखंडाची वजनं आत रचायची, भरायची तेवढी भरायची, मग वर न्यायची, खाली आणायची, ब्रेक लावून बघायचा. एका बांधकामवाल्याने एकदा हुज्जत घातली होती, साहेब, रिकामी तर मस्त चालते, तेव्हा त्याने त्याला चारचौघांत झापलं होतं, "रिकामी चालते तर रिकामीच वापरा, माणसं कशाला घालता?" आणि घरी बायको पुस्तकातलं वाक्य दोनदा वाचून दाखवते तर हा म्हणतो तेवढं चालतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्याने ट्रेमधला एक बुश उचलून पाहिला. चीर आतपर्यंत गेली होती. तिने नंतर कधी विचारलं नाही की ते वाक्य तू का सोडलंस, आणि ठकठक सुरू झाली तेव्हाही ती फक्त एवढंच म्हणाली होती की मागून काहीतरी वाजतंय. हे ती किती वेळा म्हणाली असेल? पाचदा, सहादा. दर वेळी त्याने काहीतरी उत्तर दिलं होतं, म्हणजे दिलं असावं.

मिस्त्रीने आर्म चढवले, बोल्ट घातले, नट हातानेच सैल फिरवून ठेवले, चाकं लावली आणि दोघांनी ढकलून गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर आणली. "आता वजन," मिस्त्री म्हणाला. त्याने कालच फोनवर सांगून ठेवलं होतं, येताना शेजारी बसणारं माणूस आणा, नाहीतर त्या माणसाएवढं वजन आणा. "एक लक्षात घ्या. रबराला बसायची एकच जागा कळते. गाडी जास्त दिवस ज्या वजनात चालणार ते धरायचं आणि आवळायचं, मग अधूनमधून कमी-जास्त झालं तर ते सोसतं. तुम्ही बहुतेक दोघंच असता ना?" तो म्हणाला, हो, दोघंच. त्याने कामावरची तीन वजनं आणली होती, वीस वीसची. ती त्याने शेजारच्या सीटवर ठेवली, घसरू नयेत म्हणून वरून पट्टा लावला, आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसला. मिस्त्रीने खिडकीतून वाकून पाहिलं. "वहिनी साठ किलो?" "असेल." "असेल काय? अंदाज पंचे नको. लिफ्टला असं चालतं का तुमच्या? फोन करा."

त्याने फोन केला. चारदा वाजल्यावर तिने उचलला. मागे गिरणीतल्या पंख्यांची घरघर येत होती. "तुझं वजन किती गं?" तो म्हणाला. पलीकडून, "कशाला?" त्याने सांगितलं. नट आवळायचेत, गाडी चाकांवर आहे, दोन्ही सीटवर वजन लागतं. तो बोलत गेला आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की हे वाक्य तिला नवीन नाही. "कुठं आहे हे गॅरेज?" तिने विचारलं. "तुझ्या बसच्या वाटेवरच. पाण्याच्या टाकीच्या मागे." "येते मी. आज लवकर सुटलेय, सगळं दुसऱ्या बाईंच्या ताब्यात देऊन झालं." तो एकदम ताठ बसला. ती येत होती. शनिवारपर्यंत थांबावंच लागलं नाही, आजच बसणार. त्याने आरशात बघून केसांवरून हात फिरवला आणि मग त्याला स्वतःची लाज वाटली.

ती पंचवीस मिनिटांनी आली. गॅरेजच्या दारात थांबून तिने आधी सगळीकडे पाहिलं, तिची तशी सवयच होती, कुठल्याही जागी आधी उजेड कुठून येतो ते बघायचं. मग ती गाडीशी आली, खिडकीतून आत डोकावली आणि पट्टा बांधून बसवलेली ती तीन वजनं बघत राहिली.

"ही मी का?"

"तात्पुरती," तो म्हणाला.

"किती?"

"साठ."

"साठ मी मुलीच्या लग्नात होते. आता बावन्न आहे." ती चिडून बोलली नाही, रंगाचा नंबर सांगावा तसं सांगितलं. आठ किलो. आठ किलो बाई त्याच्यासमोर, त्याच स्वयंपाकघरात, त्याच पलंगावर कमी झाली होती आणि त्याला पत्ता नव्हता. तिने दार उघडलं, पट्टा सोडला, आणि वजनं उचलायला गेली. "अहो वहिनी, राहू द्या, कंबर धरेल," म्हणत मिस्त्री पुढे आला आणि तिन्ही उतरवून भिंतीशी ठेवली. ती आत बसली. अकरा महिन्यांनी. सीट कण्हल्यासारखी वाजली, तिने पदर आत घेतला आणि दार लावलं. मिस्त्रीने मागून गाडी चार वेळा दाबून सोडली आणि म्हणाला, "आता रबर बसू दे. दहा मिनिटं दोघांनी हलायचं नाही. मी सांगितलं की मगच." ही त्याची स्वतःची पद्धत होती, पुस्तकात नव्हती. मग तो शिडीने खड्ड्यात उतरला आणि खाली पाने निवडत बसला.

ते बसले. समोर भिंत होती, तिच्यावर इंजिनाच्या पट्ट्यांची भेंडोळी टांगलेली. तिच्या अंगाला गिरणीचा वास येत होता, ओल्या सुताचा आणि कसल्याशा औषधाचा. हा वास रोज घरात यायचा, पण इतक्या जवळून त्याने तो कधी घेतला होता शेवटचा? बोलायला हवं होतं. शनिवारचे चार तास आत्ताच दहा मिनिटांचे होऊन समोर आले होते आणि त्याला एक वाक्य सुचत नव्हतं. शेवटी म्हणाला, "आता आवाज येणार नाही. त्या दिवशी तुला हिसका बसला, मी तेव्हाच म्हणालो होतो बुश गेलेत म्हणून."

"तू काही म्हणाला नाहीस," ती म्हणाली.

"म्हणालो होतो."

"नाही रे. ठक झालं, मी म्हटलं मागून वाजतंय, आणि तू रेडिओ मोठा केलास."

तो वळणार होता, पण हलायचं नव्हतं. समोर बघतच त्याने तो दिवस आठवला. गतिरोधक, शाळेची कुंपणाची जाळी, ठक. स्वतःचा हात त्याला दिसला. स्टिअरिंगवरचा डावा हात सुटून पुढे गेला होता, बटणाकडे. कसलीतरी बातमी चालली होती, तिच्यात त्याला काडीचाही रस नव्हता. अकरा महिने त्याने ती आठवण उगाळली होती आणि तो हात तिच्यातून तेवढा गाळून टाकला होता. "असेल," तो म्हणाला. मग म्हणाला, "हो. केला होता."

"मी हिसक्याने उतरले नव्हते."

"मग?"

खाली मिस्त्री काहीतरी गुणगुणत होता. "मला कंटाळा आला रे," ती म्हणाली. "राग नाही. राग असता तर बरं झालं असतं, निघून गेला असता. तेच वाक्य दोनदा म्हणायचा कंटाळा. अठ्ठावीस वर्षं मी प्रत्येक वाक्य दोनदा म्हणते. एकदा तुला ऐकू यायला आणि एकदा तुला पटायला. गिरणीत मी एकदा म्हणते, हा रंग फिका आहे, की सगळी मशीनं थांबतात. तिथून घरी यायचं आणि मीठ संपलंय हे दोनदा सांगायचं. त्या दिवशी दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि वाटलं, नको. चालत जाऊ."

यावर म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. तो दारू प्यायला नव्हता, हात उगारला नव्हता, नाकासमोर चालला होता, मुलीचं सगळं केलं होतं. हे सगळं जिभेवर आलं आणि ते किती जुनं, किती वेळा मनात म्हणून झालेलं आहे ते त्याला कळलं. त्याला फार थकल्यासारखं वाटलं. तिलाही वाटत असणार. तिचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते, नखांच्या कडेला निळा रंग. पन्नाशी ओलांडलेली बाई, एका खोलीत, नव्या गावात, स्वतःचा एक कप आणि स्वतःची एक बशी घेऊन राहायला निघाली होती, तर ती किती दमलेली असेल.

"शनिवारी सोडतो तुला," तो म्हणाला. "तेवढं करू दे."

"सोड की. मी बसेन म्हटलं होतं. सामानही आहे."

"आणि मग?"

"मग तू परत ये."

"तसं नाही. तू." आता विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "तू परत येशील?"

"नाही," ती म्हणाली. एकदाच म्हणाली. आवाज अगदी मऊ होता, आजारी माणसाशी बोलावं तसा, आणि तिने समोरच्या भिंतीवरून नजर काढली नाही.

'बघू' हा शब्द त्याच्या तोंडाशी आला होता. ओठ मिटलेले होते, फक्त उघडायचा अवकाश. बघू, म्हणजे दोन महिने जाऊ देत, म्हणजे दिवाणावर बसून मुलीला सांगता येईल की आई येईल, तिकडची हवा मानवली नाही की येईल. म्हणजे नाही हा शब्द आपल्याला ऐकूच आला नाही, तो पुन्हा म्हणायला लागेल तिला, फोनवर, पत्रात, मुलीच्या घरी चारचौघांत. आणि ती म्हणेल. दुसऱ्यांदाही म्हणेल, तिसऱ्यांदाही. त्याने ओठ दाबून धरले.

"झाली दहा मिनिटं," मिस्त्री खालून ओरडला. "आवळतो आता. दोघांच्या वजनावर."

"थांबा," तो म्हणाला.

"काय?"

"मिस्त्री, गाडी जास्त दिवस ज्या वजनात चालणार ते धरायचं, असंच म्हणालात ना?"

"हो मग."

"मग एकट्याचं धरा." आवाज नीट निघाला नाही आणि मिस्त्रीला ऐकू आलं की नाही कळेना, म्हणून त्याने ते मोठ्याने पुन्हा सांगितलं. "शनिवारी चार तास ही बसेल. नंतर मी एकटाच आहे. एकट्याच्या वजनावर आवळा."

खाली मिस्त्रीचं गुणगुणणं थांबलं. मग "बरं," एवढंच ऐकू आलं, आणि चढ्या आवाजाच्या त्या माणसाचा तो आवाज पहिल्यांदाच खाली उतरलेला होता. बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी कुणीतरी आपल्याकडे असं निरखून पाहतंय असं त्याला वाटलं, दिव्याखाली धरून. तिचे डोळे भरले होते. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला, क्षणभर दाबला, आणि मग दार उघडून, गाडीला धक्का लागू नये म्हणून काठाला धरून हळूच उतरली. डावी बाजू बोटभर वर आली. त्याला ते सीटमधून कळलं.

मिस्त्रीने वर येऊन गाडी पुन्हा चारदा दाबली आणि तो पुन्हा खाली गेला. मग पहिला नट फिरायला लागला. नट ठरलेल्या जोराला आवळला गेला की टॉर्कचा पाना 'कट' असा आवाज करतो, तो आवाज लोखंडातून चढून त्याच्या पाठीच्या मणक्यात आला. त्याला रडू आलं. लपवावं म्हणून हात चेहऱ्याकडे न्यायला गेला, तर खालून मिस्त्री म्हणाला, "साहेब, हलू नका आता." त्याने हात परत स्टिअरिंगवर ठेवला आणि ताठ बसून, समोर बघत, हुंदका न देता रडत राहिला. बायको गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली, उघड्या खिडकीतून तिने पदराचं टोक आत घातलं आणि त्याचं तोंड पुसलं, आधी एक गाल, मग दुसरा.

"अजून सात आहेत," मिस्त्री म्हणाला. "बसवेल ना?"

"बसवेल," तो म्हणाला. "आवळा तुम्ही. मी हलत नाही."